पंचवटीची गाडी सोडली, पण अंगातली घाई सुटत नाही

पासवाला, नाशिकरोड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच.

वय ४९, राहायला जेलरोडला. सोळा वर्षं पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला अपडाउन केलं. पहाटे पावणेपाचला उठायचं, सातच्या सुमारास नाशिकरोडला गाडी धरायची, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सीएसएमटीहून परत निघायचं आणि घरात पाऊल टाकेपर्यंत रात्रीचे दहा वाजून गेलेले. ही गाडी १९७५ साली सुरू झाली. आमच्या डब्यात असेही लोक होते ज्यांची अख्खी नोकरी तिच्यात गेली. गाडीबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही. तिच्यावर घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं.

गेल्या जूनमध्ये सातपूरला नोकरी मिळाली. पगार थोडा कमी, पण स्कूटरवर पाऊण तासात पोचतो आणि दिवेलागणीला घरी असतो. हिशेब केला तर रोजचे सहा तास परत मिळाले. आता सहा महिने झाले. ते तास कुठे जातात, विचाराल तर मला सांगता येत नाही.

अजूनही पावणेपाचला गजराशिवाय डोळे उघडतात आणि छाती धडधडत असते. जेवण सात-आठ मिनिटांत उरकतं. बायको स्वतःला भात वाढून घेते तोवर माझा हात धुऊन झालेला असतो. आई काही सांगायला लागली की तिचं वाक्य मीच पुरं करून टाकतो. दुधाच्या रांगेत पुढचा माणूस सुटे पैसे शोधायला लागला की माझी मान आखडते. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजाराला गेलो तर मी वीस पावलं पुढे आणि बायको मागे. मागे वळून "चल ना लवकर" म्हणतो. का म्हणतो, ते मलाही कळत नाही, कारण पुढे कुठेही जायचं नसतं.

एकच गोष्ट थोडी जमली आहे, ती सांगतो. वडील इथल्या प्रेसमध्ये (छापखान्यात) होते, चालत कामावर जायचे. रोजची पूजा त्यांच्याकडे. चार वर्षांपूर्वी ते गेले आणि पूजा माझ्याकडे आली. गाडीच्या दिवसांत मी अष्टगंधाची डबी आणून ठेवली होती, बोट बुडवायचं, टिळा लावायचा, निघायचं. या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर त्यांची सहाण सापडली, मधोमध घासून खोलगट झालेली. चंदनाचं खोडही सोबत होतं, सुती फडक्यात गुंडाळलेलं. धुतली आणि उगाळायला बसलो. पाणी जास्त घातलं, जोर लावला, भराभर घासलं, तर गंध पातळ झालं आणि देवाच्या कपाळावरून खाली ओघळलं. आई दारात उभी होती. म्हणाली, "अरे, रेटू नकोस. दोन थेंब पाणी घे आणि गोल फिरव. ते आपोआप येतं." खरंच येतं. पहिली दोन मिनिटं नुसता दगडावर लाकडाचा कोरडा आवाज असतो, मग आवाज मऊ होतो, खोड किंचित चिकटायला लागतं, आणि मग वास येतो. त्या दहा मिनिटांत छातीतली धडधड थांबते, हे मी रोज अनुभवतोय.

पण पाटावरून उठलो की परत तेच. स्कूटरला किल्ली लावली की सगळं गेलं.

मुलगी पुण्याला असते. ती मला सावकाश जगण्याचे व्हिडिओ पाठवते. पांढऱ्या कपात चहा, खिडकीत झाडं, लाकडी टेबल, मागे संथ गाणं. तिचा हेतू चांगला आहे, पण आमच्या दोन खोल्यांत, आईचं औषधपाणी, कुकरच्या शिट्ट्या आणि खालच्या गॅरेजचा आवाज यात ते कसं बसवायचं? ज्यांची अंगातली घाई खरोखर उतरली आहे, त्यांनी काय केलं ते सांगा. पुस्तकी नको, तुम्ही स्वतः केलेलं सांगा.

*

गोदाकाठची आजी

भाऊ, मी ३३ वर्षं शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर पहिलं वर्षभर दर पस्तीस मिनिटांनी उठून उभी राहायचे. तास संपला असं शरीराला वाटायचं. तेव्हा सहा महिन्यांत उतरलं नाही म्हणून खचू नका.

मुलीच्या व्हिडिओंवरही रागावू नका. मी थोडं वाचलंय त्याबद्दल. ही कल्पना कपबशांपासून सुरू झालेली नाही, जेवणापासून झाली. १९८६ साली रोममध्ये एका जुन्या, सुंदर चौकाशेजारी परदेशी बर्गरचं दुकान येणार होतं. कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या मित्रांनी तिथे जमून लोकांना घरच्यासारखा पास्ता वाटला आणि विरोध केला. त्यातून 'स्लो फूड' चळवळ उभी राहिली, १९८९ मध्ये तिचा जाहीरनामा झाला. त्यांचं चिन्ह गोगलगाय आहे. म्हणणं एवढंच की अन्न कुठून आलं, कोणी पिकवलं, कसं शिजलं हे ओळखून, माणसांसोबत बसून खावं. आपल्याकडे हे नवीन आहे का? पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी पाटावरून उठत नसे. तुमच्या वडिलांच्या पंगती आठवून बघा.

माझं स्वतःचं सांगते. मी दर शनिवारी घरून सार्वजनिक वाचनालयात पायी जाते, पुस्तक बदलायला. हे वाचनालय १८४० पासूनचं आहे, एवढ्या वर्षांत त्याला कोणाची घाई नव्हती, तर मला कशाला असावी, असं मनात म्हणते आणि निघते. रविवार कारंज्यावरून, मेनरोडने. मोबाईल घरी. पूर्वी रिक्षाने जायचे तेव्हा फक्त गर्दी दिसायची. आता भांडी बाजारात शिरण्याआधीच तांब्या-पितळेवर हातोडीचे ठोके ऐकू आले की मी थांबते. कधी दोन मिनिटं, कधी दहा. कारागीर आता मला ओळखतो, मान हलवतो.

तुम्हाला एकच करायला सांगते. बुधवारच्या बाजारात यादी न घेता जा, आणि वहिनींच्या मागून चाला. पुढून नाही, शेजारूनही नाही. मागून. महिनाभर तेवढंच करा.

*

बागायतदार, दिंडोरी

पासवाले दादा, राम राम. आत्ता द्राक्षबागेत थिनिंग, म्हणजे मण्यांची विरळणी, चालू आहे, दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत लिहितोय.

आम्हाला शहरातले पाहुणे म्हणतात, शेतकऱ्याचं बरंय, निवांत. दादा, निवांत काही नसतं. ऑक्टोबर छाटणी झाली की चार-सव्वाचार महिने डोळ्याला डोळा नसतो. ढग आले, धुकं पडलं की डावणी रोगाची भीती, रात्री-अपरात्री फवारणीला उठावं लागतं. पण त्यातच एक काम असं आहे जे घाईने होतच नाही, ते म्हणजे थिनिंग. मणी ज्वारीएवढे झाले की प्रत्येक घड हातात धरून बारीक कात्रीने मधले मणी काढायचे, म्हणजे राहिलेल्यांना फुगायला जागा होते. कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला नुसतं टेकलं तरी डाग पडतो, आणि तो डाग मणी मोठा होईल तसा मोठा होतो. फेब्रुवारीत व्यापारी तोच घड बाजूला काढतो. म्हणून थिनिंगला येणाऱ्या बायांना मी कधीच "उरका" म्हणत नाही. त्या आपसात बोलत असतात, मुलीचं लग्न, सासूचं दुखणं, सगळं चालू असतं, पण नजर घडावरून हलत नाही. मी पंधरा वर्षं बघतोय. त्यांच्याइतकं कामात असलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आणखी एक. आमच्या बागेच्या वर्षात दोन छाटण्या असतात. एप्रिलला खरड छाटणी होते. त्यानंतर बागेत फळ नसतं, नुसती काडी वाढते. बघणाऱ्याला वाटतं बाग रिकामी आहे. पण त्याच उन्हाळ्यात काडीच्या डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. बाहेरून काही दिसत नाही. दिसतो तो ऑक्टोबरनंतर. तुमचा जून ते डिसेंबर हा तो काळ समजा. सोळा वर्षांची काडी छाटली आहे तुम्ही.

वेळ मिळाला तर फेब्रुवारीत या बागेत. घड देठाला धरून कसा काढायचा ते दाखवतो. मण्यावर पांढुरकी झाक असते, बोट लागलं की पुसली जाते.

*

रात्रपाळी, पाथर्डी फाटा

दादा, राग मानू नका, पण वाचताना एक गोष्ट टोचली ती लिहिते.

तुम्ही म्हणता सहा तास मिळाले. तुमच्या बायकोला किती मिळाले? तुम्ही पावणेपाचला उठायचात तेव्हा डबा करायला त्या सव्वाचारला उठत असणार. रात्री दहाला तुम्हाला गरम जेवण मिळालं तर त्या अकराला ओटा पुसत असणार. सोळा वर्षांची अपडाउन त्यांनीही केली, घरात राहून. तुम्ही सहाणेवर दहा मिनिटं गंध उगाळता तेव्हा त्या काय करत असतात, हे तुमच्या लिखाणात कुठेच नाही. आईंचं औषधपाणी तुम्ही लिहिलंत, ते देतं कोण?

मी स्टाफ नर्स आहे. घरी सासरे अंथरुणाला, मुलगा चौथीत. सावकाश जगा असं कोणी म्हणालं की मला पहिल्यांदा थकवाच येतो, कारण एकाने सावकाश व्हायचं म्हणजे दुसऱ्याने त्याच्या वाटची घाई उचलायची, असं मी फार घरांत पाहिलंय. माझ्या माहेरीही पाहिलंय.

तरी मी करते ते सांगते, कारण तुम्ही मनापासून विचारलंय. आम्हाला प्रत्येक पेशंटआधी आणि नंतर हात धुवावे लागतात. साबण-पाण्याने नीट धुवायचे तर ४० ते ६० सेकंद, अशी जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत आहे. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं. पूर्वी मी हात धुता धुता पुढच्या तीन बेडचा विचार करायचे. मागच्या वर्षी एका रात्री वॉर्डात दोन पेशंट पाठोपाठ गेले, आणि नळाखाली हात धरून मी तशीच उभी राहिले. पाणी गार होतं. त्या दिवसापासून ते मिनिट मी फक्त हातांना देते. शिफ्टमध्ये असे तीस-चाळीस वेळा होतं. वेगळा वेळ काढावा लागत नाही, कोणाच्या वाटचा घ्यावा लागत नाही. घरी सासऱ्यांचं अंग पुसतानाही आता तसंच होतं. त्यांनाही कळतं ते. पूर्वी ते अंग ताठ करायचे, आता सैल सोडतात.

तुम्ही एक काम पूर्णपणे स्वतःकडे घ्या. "मदत" म्हणून नको, तुमचं म्हणून.

*

पासवाला, नाशिकरोड

ताई, राग कसला. तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं, मग बायकोला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चार वाजता उठायचे मी, सव्वाचारला नाही." तेवढंच म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

मला हे सोळा वर्षांत माहीत नव्हतं. मी उठायचो तेव्हा दिवा लागलेलाच असायचा.

बाकीच्यांनाही सावकाश उत्तर देतो.

*

अजून गाडीत

पासवाले, ओळखलं का? तुम्ही खिडकीशी, मी समोर. तुम्ही सुटलात, मी अजून आहे, आणखी नऊ वर्षं काढायची आहेत. ज्यांना नोकरी सोडता येत नाही त्यांच्यासाठी लिहितो.

परतीला कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात, आठवतंय ना. घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट, तिथे कोणाच्या बापाची घाई चालत नाही. कसारा ते इगतपुरी मी मोबाईल बॅगेत टाकतो. बाहेर अंधार असतो, दिसत काही नाही. पण मागून ढकलणाऱ्या इंजिनांचा आवाज डब्याच्या तळातून अंगात येतो, बोगद्यात शिरलं की कानावर दाब बसतो, आणि वर पोचताना खिडकीतून गार हवा यायला लागते. ती हवा आली की घर आलं. रोज तेवढं माझं.

तुमची जागा आता एका नवीन पोराने घेतली आहे. चांगला आहे.

*

आनापान

इगतपुरीचा विषय निघालाच आहे तर. पासवालेसाहेब, तुमची गाडी रोज जिथे थांबायची तिथून धम्मगिरीचा सोनेरी पॅगोडा फार लांब नाही. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीला शिबिरं सुरू झाली. मी दोनदा दहा दिवस बसलो आहे. फी नाही, आधी बसून गेलेल्यांच्या दानावर चालतं. मोबाईल पहिल्याच दिवशी जमा. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, नऊ दिवस पूर्ण मौन. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. श्वास बदलायचा नाही, मोजायचा नाही, जसा आहे तसा. ऐकायला सोपं वाटतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला पळून जावंसं वाटलं होतं. थांबलो म्हणून आज हे लिहितोय.

पण लगेच शिबिराला जा असं म्हणणार नाही, घरी आई आहेत. घरच्या घरी एक करून बघा. अमेरिकेत जॉन काबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जुन्या दुखण्याच्या पेशंटसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात सुरुवातीचा धडा काय, तर एक बेदाणा खायचा. आधी हातात घेऊन बघायचा, सुरकुत्या बघायच्या, बोटांत फिरवायचा, वास घ्यायचा, मग जिभेवर ठेवायचा आणि लगेच चावायचा नाही. आपण नाशिकची माणसं द्राक्षात वाढलो, मूठभर बेदाणे तोंडात टाकतो आणि विसरतो. मी पहिल्यांदा असा एक बेदाणा खाल्ला तेव्हा चावल्यावर आधी आंबट लागलं, गोड नंतर आलं. वयाच्या ५२ व्या वर्षी मला हे कळलं.

हाच नियम जेवणाच्या पहिल्या तीन घासांना लावा. पुढचं जेवण आपोआप मंदावतं. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात, सात मिनिटांत उठणाऱ्याला तो कधी मिळतच नाही.

आणि एक मोठ्या भावासारखं सांगतो: रोज पहाटे छाती धडधडते म्हणता, तर आधी डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, थायरॉइड, साखर तपासून घ्या. सगळं घाईवर ढकलू नका.

*

पासवाला, नाशिकरोड

तीन आठवडे झाले, कळवायचं राहिलं होतं.

तपासण्या केल्या. रक्तदाब थोडा वर निघाला, गोळी सुरू आहे. आनापान, तुम्ही लिहिलं नसतं तर मी गेलो नसतो.

सकाळचा चहा, आईची सकाळची औषधं आणि संध्याकाळची भाजी निवडणं माझ्याकडे घेतलं. पावणेपाचला डोळे उघडतातच, तर आता ओट्याशी उभा राहतो. बायको सहापर्यंत झोपते. पहिले चार दिवस ती सवयीने उठून यायची आणि दारात उभी राहायची, तिलाही झोपायची सवय लावावी लागली. मेथीच्या दोन जुड्या निवडायला मला पाऊण तास लागतो. आई शेजारी बसते. मी तिचं वाक्य पुरं करत नाही, आणि असं लक्षात आलं की ती जे सांगणार आहे असं मला वाटायचं, ते ती सांगतच नाही. परवा तिने माझ्या जन्माआधी गेलेल्या तिच्या पहिल्या मुलाबद्दल सांगितलं. मला एवढंच माहीत होतं की असं काही झालं होतं. त्याचं नाव मी परवा पहिल्यांदा ऐकलं.

जेवण अजून बारा-तेरा मिनिटांवर आहे. स्कूटरवर मात्र काही फरक नाही, द्वारका चौकातल्या सिग्नलला अजून मान आखडते.

गोदाकाठच्या ताई, तीन बुधवार झाले, तुम्ही सांगितलं तसं बायकोच्या मागून चाललो. पहिल्या बुधवारी फार जड गेलं. ती लसणाच्या प्रत्येक ढिगापाशी थांबते, हातात घेऊन बघते, घेत नाही, पुढे जाते. एका बांगडीवालीशी तिची इतकी ओळख आहे की तिने मला बघून विचारलं, "हेच का ते मुंबईवाले?" दुसऱ्या बुधवारी मला दिसलं की घाटाच्या पायऱ्या उतरताना ती डावा पाय आधी टाकते, मग उजवा त्याच पायरीवर आणते, मग पुढची पायरी. लहान मुलं उतरतात तसं. वर चढताना हात गुडघ्यावर ठेवते. विचारलं तर म्हणाली, दोन वर्षं झाली, दुखतो. मी कायम वीस पावलं पुढे असायचो, मला कसं दिसणार होतं.

शनिवारी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाजार तिला सोडायचा नाही. परवा परत येताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही एकेक पायरी चढलो, मध्ये दोनदा थांबलो. ताई, तुम्ही तिथल्याच आहात म्हणून विचारतो, बाजाराकडे उतरायला सगळ्यांत कमी पायऱ्यांची वाट कोणत्या बाजूने आहे?